दर्भाचे रोम

वसुबारसेच्या तिन्हीसांजेला सवत्स धेनूच्या पायांवर पाणी घालून, तिला हळदकुंकू लावून आणि घास भरवून दिवाळीस आरंभ करणाऱ्या आपल्या समाजाला, गाय खाते ते गवत येते कोठून आणि ती टाकते ते शेण जाते कोठे, हा प्रश्न ऐन सणात कदाचित अप्रस्तुत वाटेल. परंतु यंदाच्या अंकासाठी ‘जीवावरण’ हा विषय ठरला, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहिला तो बारामती तालुक्यातील लोणी भापकरचा यज्ञवराह.

मल्लिकार्जुनाचे जुने मंदिर, तेथील पुष्करिणी आणि तो पाषाणाचा वराह ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्याच्या अंगावर झुलीप्रमाणे कोरलेल्या लहान लहान मूर्तींच्या रांगा स्मरत असतील. पुराणकारांनी यज्ञवराहाचे वर्णन करताना वेद हे त्याचे पाय, अग्नी ही त्याची जिव्हा आणि दर्भ हे त्याचे रोम मानले आहेत. बुडालेली पृथ्वी सुळ्यावर तोलून वर आणणाऱ्या देवाच्या अंगावर गवत उगवावे, ही कल्पना ज्याला सुचली तो पुरुष माळावर पुष्कळ हिंडलेला असावा, असा आमचा तर्क आहे.

‘जीवावरण’ ही संज्ञा ऑस्ट्रियाचे भूगर्भशास्त्रज्ञ एडुआर्ड स्यूस यांनी १८७५ साली योजिली, आणि रशियाच्या व्लादिमीर व्हेर्नाड्स्की यांनी १९२६ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहून, सजीव हे पृथ्वीच्या वाड्यातील नुसते भाडेकरी नसून वाड्याच्या भिंतीही बव्हंशी त्यांनीच रचल्या आहेत, असे प्रतिपादिले. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर आणि अतिखोल समुद्राचा तळ सुमारे ११ किलोमीटरांवर. एवढ्या पातळ सालीवर हा सारा प्रपंच चालला आहे.

नीरा डाव्या कालव्याचे पाणी ज्यांच्या वाट्याला आले त्या गावांचे नशीब उसाने पालटले. लोणी भापकर, मोरगाव, सुपे या जिरायती मुलखाची भिस्त मात्र दीर्घकाळ पावसावरच राहिली. या मुलखातला माळ उन्हाळ्यात पाहणाऱ्यास तो मेलेला वाटतो. पण कुसळी गवताचे बी पहिल्या ओलीबरोबर आपल्या शेपटीला पीळ देत स्वतःला मातीत रुजवून घेते. मेंढरांच्या लोकरीत अडकून तेच बी कोसभर प्रवासही करते. वाळलेली काडी वाळवी नेते, वाळवीवर चंडोल आणि धाविक गुजराण करतात. शेळीने खाल्लेल्या बाभळीच्या शेंगेतील बी तिच्या पोटातून गेल्यावर अधिक सहज रुजते, आणि त्या बाभळीच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जंतू हवेतला नत्र बांधून जमिनीच्या हवाली करतात. शेतकरी धनगराला आग्रहाने बोलावून रानात मेंढरे बसवितो आणि त्या रात्रींच्या लेंड्यामुताबद्दल धान्य किंवा रोकड मोजतो, तो याच देवघेवीचा, माणसाने कागदाविना केलेला करार होय.

या जमाखर्चात एक कलम मात्र कधीच परत येत नाही. माती, पाणी, नत्र हे फिरून फिरून त्याच खात्यात जमा होतात. सूर्याकडून आलेली शक्ती एकदा खर्ची पडली की पडली. गवताकडून चिंकाऱ्याकडे आणि चिंकाऱ्याकडून लांडग्याकडे जाताना दर पायरीला तिचा साधारण दहावा हिस्साच पुढे पोचतो. लांडगे थोडे असतात ते यामुळे. आणि त्या थोड्यांना पोसण्यास माळ मात्र विस्तीर्ण लागतो.

असे असता सरकारी दप्तरात अशा जमिनीची नोंद पडते ती ‘पडीक’ किंवा ‘पोटखराबा’ अशी! महसूल देत नाही ते निरुपयोगी, हा साहेबाच्या जमाबंदीचा न्याय आम्ही स्वराज्यातही निमूटपणे चालवीत आलो. त्याहून खेद वाटतो तो सद्धेतूने होणाऱ्या हानीचा. उघड्या माळावर खड्डे खणून गिरिपुष्पासारखी परकी झाडे ओळीने लावली म्हणजे निसर्गसेवा झाली, असे मानणारे सज्जन पुष्कळ आहेत. त्या सावलीत गवत मरते, आणि दूरवर नजर ठेवून पळण्यावर ज्याचा जीव अवलंबून आहे त्या चिंकाऱ्याचे ते घर उरत नाही. सुपे येथे १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य जाहीर झाले ते याच चिंकाऱ्यासाठी. परंतु त्याचा विस्तार जेमतेम ५ चौरस किलोमीटर. बाकीच्या माळाला वाली कोण?

दिवाळीच्या सुमारास उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडत आलेले भोवत्या पक्षी या माळांवर उतरतात, आणि हे शिकारी पक्षी असूनही रात्री झाड न शोधता गवतात, भुईवरच मुक्काम करतात. वाचकहो, या सुट्टीत लोणी भापकरला जाल तर वराहाचे दर्शन घेऊन तसेच माघारी फिरू नका. गावाबाहेरच्या माळावर घटकाभर बसा, आणि कपड्यांना लागलेली कुसळे तेथेच झटकून मग गाडीत चढा.