गावाचे नाव आणि स्थानकाची पाटी

ग्रामनामांची व्युत्पत्ती सांगण्याचा आपल्याकडे भारी सोस. कळवणचा विषय निघाला की ‘वण म्हणजे वन’ असे सांगून कोणीतरी मोकळा होतो. गिरणेच्या खोऱ्यात, बेहडीकाठी, बागलाणच्या डोंगराळ मुलखाला लागून असलेल्या या गावाला रान शोभते, म्हणून व्युत्पत्तीही शोभते! आम्हांला एवढ्यावर समाधान मानवत नाही.

कालपरवा जन्मलेल्या गावांची नावेसुद्धा इतकी सरळ नसतात. श्रीरामपूरचेच पाहा. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. प्रवरेकाठचे बेलापूर हे जुने गाव रुळांपासून काही मैल दूर राहिले. स्थानकाने मात्र त्याचे नाव उचलले. स्थानकाभोवती पेठ वसली. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पुरे झाले. कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, कारखानदारी आली, पेठेचे शहर झाले आणि ते श्रीरामपूर म्हणून ओळखले जाऊ लागले. स्थानक मात्र बेलापूरच राहिले. श्रीरामपूरला जाणारा प्रवासी बेलापूरचे तिकीट काढतो. नदीकाठच्या गावाचे नाव रुळांपाशी आणि रुळांपाशी वाढलेल्या शहराचे नाव तिसरेच! केवळ शब्द फोडून हा इतिहास कोणाच्या हाती लागेल? त्याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाचे भीमाकाठचे दौंड तर रेल्वेच्या इंग्रजी कागदांत दीर्घकाळ ‘धोंड’ होते.

कळवणला रेल्वे पोहोचली नाही. त्याचे नाव पाटीवर चढले नाही, पण दफ्तरात गेलेच. १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमध्ये ते तालुक्याचे ठिकाण म्हणून आले आणि रोमन लिपीत त्याचा ‘ळ’ही गेला, ‘ण’ही गेला. आज परगावचा वाचक इंग्रजी नकाशावरून ‘कलवान’ वाचतो, तेव्हा मूर्धन्य ध्वनींबरोबर व्युत्पत्तीचा पुरावाच नाहीसा होतो.

म्हणून कोशापाशी बसून संस्कृत मूळ शोधण्याआधी मराठीच्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांना कळवणच्या आठवडे बाजारात धाडावे, असे आम्हांला वाटते. अहिराणी बोलणारा शेतकरी हे नाव कसे उच्चारतो, कोकणा आणि भिल्ल माणसे आपापसांत या गावाला काय म्हणतात, भोवतालच्या शिवारांची, ओहोळांची, पाड्यांची नावे कोणती, याची नोंद करावी. ‘वण’चे बघू मागाहून.