खोट्या हत्याराचा खरा मध्य

परवा बाबांनी मला व्हर्नियरच्या टोकाने गोल बारवर ओरखडे काढताना पकडलं. "अरे, मापायची वस्तू आहे ती, खिळा नाही!" चाळीसच्या बारचा मध्य काढायचा होता. हातात ०.०१ मिमी दाखवणारं डिजिटल व्हर्नियर, आणि पंच पडला तो भलतीकडेच.

मग दोन रविवार घालवून सेंटर स्क्वेअर केला. तुम्ही म्हणाल, विकत मिळतो की! मिळतो. पण माझं म्हणणं असं, की आखणीचं पहिलं हत्यार घरीच करावं. लोखंडी पट्टीत ३० मिमी अंतरावर दोन ८ मिमीच्या पिना ठोकल्या, आणि जुनी स्टीलची फूटपट्टी अशी बसवली की तिची कड दोन्ही पिनांच्या बरोबर मधून, काटकोनात जाईल. बार पिनांना टेकवायचा, कडेने रेघ मारायची, बार फिरवून दुसरी मारायची. जिथे छेदतील तो मध्य.

दोन रेघा कुठेतरी छेदणारच हो! खरी गंमत तिसऱ्या रेघेत. बारच्या तोंडाला मोरचुदाचं पाणी लावून तांबूस केलं, साधारण १२० अंशांवर तीन रेघा मारल्या, आणि मधोमध इवलासा त्रिकोण उमटला. बाजू सुमारे १ मिमी. म्हणजे हत्यार साधारण ०.३ मिमीने खोटं. आणि तरीही बारचा खरा मध्य त्या त्रिकोणाच्या बरोबर मधे! कारण चूक दर वेळी तेवढीच आणि त्याच बाजूला होते. पंच तिथे मारला, काम झालं. स्वतःची चूक साडेतीनपट मोठी करून दाखवणारं हत्यार... माझ्या व्हर्नियरने आजवर असं काही कबूल केलेलं नाही.

पट्टी सरकवून त्रिकोण घालवला. खूश! बाबांनी न बोलता ३०चा बार पुढे केला. त्यावर त्रिकोण परत हजर. पट्टी तिरकी होती, आणि मी सरकवल्यामुळे दोन चुकांनी एकमेकींना फक्त चाळीसच्या बारवर झाकलं होतं. रोज ऑफिसात हेच करतो आम्ही, एका इनपुटवर चाललं की कोड रिलीज!

खरं सांगायचं तर फर्स्ट इयरला फिटिंगचा जॉब मी आयता विकत घेऊन सबमिट केला होता. वर्गातल्या बऱ्याच जणांनी तेच केलं. बाबा तेव्हा फिटर होते, रोज कानस चालवून घरी येत, आणि त्यांना मी सांगितलं होतं की जॉब मीच घासला. मार्क बघून त्यांनी पेढे आणले होते. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

असो. पट्टी आता सरळ आहे, दोन्ही बारवर रेघा एका बिंदूत येतात. बाबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "कॉलेजात शिकलास ते विसरला नाहीस हं."