शेवटची एसटी आणि कॉलेजचा कट्टा

बारावीचा निकाल लागला की चिपळूणजवळच्या अलोऱ्यात घरोघरी एकच हिशेब सुरू होतो. टक्के किती पडले, कटऑफ कितीवर थांबेल, फी किती. त्या कॉलेजात अभ्यासाशिवाय काय चालतं, असं एखाद्या पोरानं विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "आधी अभ्यास बघ, बाकीचं नंतर." या 'बाकीच्या'त नाटक, खो-खो, एनएसएसचं शिबिर, वादविवाद आणि जन्मभराची मैत्री असं सगळंच आलं. तीन वर्षं सरली की ते हाती लागत नाही.

निकालाच्या बाबतीत कोकणाला कुणी शिकवायची गरज नाही. २०१२ साली कोकण विभागीय मंडळाचा पहिला निकाल लागला, तेव्हापासून दहावी-बारावीत उत्तीर्णांच्या टक्केवारीत हा विभाग राज्यात वर्षानुवर्षं पहिला येतो आहे. मुलं अभ्यास करतात, हे सिद्ध झालेलं आहे. पुढच्या तीन-चार वर्षांत ती कुणात मिसळणार, हे मात्र फारसं कुणी बघत नाही.

खरं तर अलोऱ्याला असं मिसळणं नवं नाही. कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याचं, कोळकेवाडी धरणाचं काम निघालं आणि इथं प्रकल्पाची वसाहत उभी राहिली. घाटावरचे आणि तळकोकणातले कर्मचारी शेजारी शेजारी राहिले, त्यांची मुलं एका बाकावर बसली. काम संपलं, बदल्या झाल्या, क्वार्टर्स रिकामी होत गेली. आज इथल्या मुलाला अनोळखी गावचा, वेगळ्या बोलीचा सोबती पहिल्यांदा भेटतो तो बहुधा कॉलेजातच. म्हणून कॉलेजची निवड इथं जास्त जपून करायला हवी.

जवळचं म्हणजे चिपळूणचं डीबीजे. १९६५ पासूनचं, कला, वाणिज्य, विज्ञान सगळं असलेलं. घरचं जेवण, एसटीचा पास, खर्च आवाक्यात. विद्यार्थ्यांच्या पासाला जवळपास दोनतृतीयांश सवलत मिळते, त्या एका कार्डावर कितीतरी घरांतली पदवी उभी आहे. पण त्याच कार्डानं दिवसही आखून दिलेला असतो. तास दुपारी संपतात, युवा महोत्सवाच्या एकांकिकेची तालीम त्यानंतर सुरू होते आणि अलोरे-पोफळीकडे जाणारी गाडी काही तालमीसाठी थांबत नाही. गाववाला मुलगा संवाद अर्धवट टाकून स्टँडकडे पळतो. दोन-तीनदा असं झालं की दिग्दर्शक त्याला गर्दीतला माणूस करतो, पुढच्या वर्षी तो नाव देत नाही. त्याच्यात गुण नव्हते असं नाही, त्याला परतीची गाडी नव्हती.

म्हणून माहितीपुस्तिकेआधी एसटीचं वेळापत्रक बघावं. संध्याकाळी सहानंतर घरी यायला काय आहे? नसेल तर आठवड्यातून दोन दिवस चिपळुणात मावशीकडे, काकांकडे मुक्काम जमेल का? असल्या सोयीवर पोराचं कॉलेज बदलून जातं.

दुसरा मार्ग घर सोडण्याचा. रत्नागिरीचं गोगटे-जोगळेकर १९४५ पासूनचं. तिथं राहायचं म्हणजे खोली आणि मेस आली, पण संध्याकाळ आपल्या मालकीची होते. किंवा कुंभार्ली घाट चढून कराड: १९६० पासूनचं शासकीय अभियांत्रिकी, १९५४ पासूनचं रयतचं सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय. घाट चढला की विद्यापीठ बदलतं, भाकरी बदलते, बोलण्याचा हेल बदलतो. अठराव्या वर्षी हा बदल पचतो आणि अंगी लागतो.

नाटकानं अभ्यास बुडतो, हा पालकांचा धाक जुना आहे. त्यांनी पुण्याच्या बी. जे. मेडिकलकडे बघावं. श्रीराम लागू, जब्बार पटेल, मोहन आगाशे हे तिघे त्याच कॉलेजातून डॉक्टर झाले. लागू कान-नाक-घसा तज्ज्ञ, पटेल बालरोगतज्ज्ञ, आगाशे मनोविकारतज्ज्ञ. १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आलं, तेव्हा पटेल दिग्दर्शक होते आणि आगाशे नाना फडणवीस. वैद्यकीय अभ्यासासारखा अभ्यास सांभाळून हे होऊ शकलं. सगळ्यांना ते जमेल असं नव्हे, पण दोन्हींत हाडवैर आहे हे खरं नाही.

आता तर नियमही बाजूनं आहेत. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि एनएसएस, क्रीडा, सांस्कृतिक उपक्रमांना श्रेयांक आले. अडचण अशी, की श्रेयांक कागदावरही भरता येतात. एनएसएसचे दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर हे प्रत्यक्ष कुठल्या गावात, काय काम करून झालं, ते मागच्या वर्षीच्या मुलांना विचारावं. फीच्या पावतीवर जिमखान्याची रक्कम असते, तर मैदानावर जाऊन नेट बांधलेलं आहे की गवत वाढलंय ते बघावं. ग्रंथालय किती वाजता बंद होतं, प्रयोगशाळेत उपकरणाला हात लावू देतात की लांबून दाखवतात, हेही त्याच फेरीत कळतं. ही चौकशी प्राचार्यांच्या केबिनपेक्षा कॅन्टीनमध्ये चांगली होते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक प्रश्न आहे आणि तो घरच्यांनीच विचारायला हवा. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ झालं. हा फार मोठा निर्णय आहे. पण वसतिगृहाचं फाटक मुलींसाठी संध्याकाळी लवकर बंद होत असेल आणि मुलांसाठी उशिरा, तर तालीम, ग्रंथालय, प्रोजेक्टचं काम यांतलं निम्मं तिच्या वाट्याला येतच नाही. प्रवेश घेण्याआधी वसतिगृहाची नियमावली मागून घ्यावी, वेळेची ओळ वाचावी आणि उशिराच्या परवानगीसाठी कुणाची सही लागते, ते अधीक्षकांना तिथंच विचारावं.