बॅटमॅन व्हायचंय म्हणे!

१५ नोव्हेंबर २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहराने पाच वर्षांच्या एका मुलाला दिवसभरासाठी ‘बॅटकिड’ केलं. रक्ताच्या कर्करोगावरचे त्याचे उपचार आटोपले होते आणि त्याला बॅटमॅन व्हायचं होतं. गंभीर आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणाऱ्या ‘मेक-अ-विश’ या संस्थेने हाक दिली, हजारो लोक रस्त्यावर उतरले, खुद्द पोलीसप्रमुखांनी त्याची मदत मागितली. शहराला ही हौस सुमारे १,०५,००० डॉलरना पडली. तो खर्च देणगीदारांनी भरून दिला, तरी टीकेला तोंड फुटलंच.

टीकाकारांत सर्वांत वजनदार नाव होतं तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांचं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये त्यांनी हिशेब मांडला. संस्थेला तेव्हा एका इच्छेमागे सरासरी साडेसात हजार डॉलर लागत. तेवढ्यात मलेरियाग्रस्त भागात मच्छरदाण्या वाटल्या, तर किमान दोन-तीन मुलांचे प्राण वाचतील, असं त्यांचं म्हणणं. मग एकाची हौस मोठी की इतरांचा जीव?

प्रश्न बिनतोड वाटतो. आपल्याकडे तर तो अधिकच बोचतो. परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास फुटपाथवर पथारी पसरलेली कुटुंबं ज्याने पाहिली, तो विचारणारच, की इथे राहण्या-खाण्याचे वांधे आहेत आणि पोराला बॅटमॅन कसले करताय?

पण सिंगर यांचा गज हाती घ्यायचाच, तर तो शेवटपर्यंत लावावा लागेल. एका मुलाच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणाला लाखो रुपये लागतात; त्या पैशांत ढीगभर मच्छरदाण्या येतील. म्हणून प्रत्यारोपण थांबवायचं का? तसं म्हणायला कोणी धजणार नाही. लग्नातल्या आतषबाजीलाही हा गज कोणी लावत नाही. काटकसरीचा उपदेश नेमका आजारी पोराच्या हौसेपाशीच आठवतो. शिवाय बॅटकिडसाठी खिशात हात घालणाऱ्याने एरवी तेच पैसे मच्छरदाण्यांना दिले असते, हे सिंगर यांनी गृहीतच धरलं आहे.

दुसरा आक्षेप असा, की ही मरणाऱ्याची शेवटची इच्छा. तिचा बाजार कशाला मांडायचा? हा समज संस्थेच्या जन्मकथेतून आला. एप्रिल १९८०मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात सात वर्षांच्या ख्रिस या आजारी मुलाला पोलिसांनी हेलिकॉप्टरमधून फिरवलं, त्याच्या मापाचा गणवेश शिवून दिला आणि मानद अधिकारी केलं. काही दिवसांतच तो गेला. त्याच्यावरूनच संस्थेची कल्पना सुचली आणि हेच चित्र लोकांच्या मनात रुतून बसलं. प्रत्यक्षात आज संस्था मृत्यूला टेकलेलीच मुलं शोधत नाही. आजार जीवघेणा असणं पुरेसं आहे. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. बॅटकिडही त्यांतलाच, २०१८मध्ये तो कर्करोगमुक्त असल्याचं जाहीर झालं.

बऱ्या होणाऱ्या मुलाला मग याची गरज काय? मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा जो सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, त्याचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. केमोला कधी यायचं, पाठीत सुई कधी टोचायची, बाहेरचं काय खायचं नाही, सगळं मोठी माणसं ठरवतात. सुईला घाबरून मूल हात ओढून घेऊ लागलं, तर तो धरून ठेवतात. अशा मुलासमोर एक स्वयंसेवक बसतो आणि विचारतो, “तुला काय हवंय?” आईबापांना थोडं बाजूला ठेवतात, कारण बापाला पोराने मागावंसं वाटतं ते एक आणि पोराला हवं असतं ते भलतंच. लिहिता येत नसेल, तर मूल चित्र काढून दाखवतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या शब्दावर मोठी माणसं धावपळ करतात.

याचा उपयोग होतो का, हेही तपासलं गेलं आहे. अमेरिकेत ओहायोतल्या एका बालरुग्णालयाने इच्छा पूर्ण झालेल्या ४९६ मुलांची तुलना तशाच, पण इच्छा पूर्ण न झालेल्या ४९६ मुलांशी केली. पहिल्या गटाला अचानक दाखल करण्याची वेळ कमी आली. हा अभ्यास मागच्या नोंदींवरून केलेला, त्यामुळे त्याला अंतिम पुरावा म्हणता येणार नाही. पण इस्रायलमध्ये ६६ मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, तेव्हाही इच्छा पूर्ण झालेल्या मुलांची उमेद वाढलेली आणि नैराश्य घटलेलं दिसलं.

भारतात या उमेदीला फार किंमत आहे. इथे उपचार अर्धवट सोडणं हेही मुलं दगावण्याचं मोठं कारण आहे. टाटा रुग्णालयात राहणं, जेवण, औषधं यांची सोय लावल्यावर उपचार सोडण्याचं प्रमाण खूप घटलं. सेंट ज्यूड इंडिया ही संस्था २००६पासून मुंबईत अशा कुटुंबांना मोफत आसरा देते. छप्पर आईबापांना टिकवतं, इच्छा मुलाला टिकवते. पैसे एकाच कामापुरते असतील, तर आधी छप्पर, यात वाद नाही. पण म्हणून इच्छेला चोचला ठरवायचं कारण नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे, कॅमेऱ्याचा. २०१४मध्ये हैदराबादेत दहा वर्षांच्या मुलाला एक दिवसाचा पोलीस आयुक्त केलं, तेव्हा त्याचा चेहरा, नाव आणि आजार देशभर पोचला. असं मूल बरं होऊन मोठं झालं आणि लग्न जमवायची वेळ आली, की तोच फोटो स्थळाकडच्यांच्या मोबाइलवर उघडतो. पाच-दहा वर्षांच्या मुलाची त्याला संमती होती, असं कोणी म्हणू नये.

तेव्हा अशा संस्थेला देणगी जरूर द्या. चेक फाडण्याआधी इतकंच विचारा: इच्छा मुलाच्या तोंडून ऐकता का, डॉक्टरांचा होकार घेता का आणि फोटोला नाही म्हणणाऱ्या मुलाचीही इच्छा पूर्ण करता का? तिसऱ्या प्रश्नाला आढेवेढे घेतले, तर चेकबुक मिटा आणि दुसरी संस्था शोधा.