बारमाही पौर्णिमा

ज्याने एखादा वाङ्मयप्रकार आयुष्यभर निष्ठेने वाचला, त्याला त्या प्रकाराविषयी चार शब्द कडू बोलण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होतो, असे आमचे मत आहे. माहेरवाशिणीला सासरच्या माणसांविषयी असतो, तोच हा अधिकार. आम्ही बमरोलीकर ऐतिहासिक कादंबरीचे असे निष्ठावंत वाचक आहोत. आमच्या आळीत कादंबऱ्या आल्या त्या बहुतेक नंदुरबार, धुळे, जळगावकडून भुसावळच्या गाडीने येणाऱ्या पाहुण्यांच्या पिशव्यांतून. वर भरिताची वांगी, मध्ये कळण्याचे पीठ आणि तळाशी पुठ्ठा सुटलेले पेशवे. पुढे ते पेशवे घरोघर फिरत, आणि ज्या घरी शेवटची पाने गळत त्या घराला आळी वर्षभर विसरत नसे.

आमची पहिली तक्रार चंद्राविषयी आहे. पंचांगात पौर्णिमा महिन्यातून एकदाच येते. कादंबरीत मात्र नायक व नायिका सज्जात येऊन उभी राहिली, की पूर्ण चंद्र हजर! कृष्णपक्ष सगळा फितुरांसाठी राखून ठेवलेला. दुसरी तक्रार हुजऱ्याची. दोन जिवांचे बोलणे कोठे रंगात येते न येते, तोच हा गृहस्थ मुजरा करीत आत शिरतो आणि 'खलिता आला आहे' असे सांगतो. इतक्या वर्षांत एकाही हुजऱ्याला दाराबाहेर क्षणभर थांबावेसे वाटू नये, याचे आम्हांस नवल वाटते.

परंतु सर्वांत मोठी तक्रार जेवणाची. नायकासमोर ताट येते, पहिला घास उचलला जातो, आणि स्वारी हात धुऊन उठते. कारण अर्थात खलिता. मुदपाकखान्यात रांधलेल्या त्या अन्नाचे पुढे काय झाले, हे कोणताही कादंबरीकार सांगत नाही. आमच्या आळीतील गृहिणींना राज्य गेल्याचे दुःख होते, नाही असे नाही. पण त्या भरल्या ताटाचे अधिक होते. यंत्रमागाची रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या माणसाला वाढणाऱ्या बाईला उष्टे ताट कसे पाहवावे?

आता थोडे वंशावळीविषयी. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी १८७१ सालची. सुरतेच्या नंदशंकर तुळजाशंकर मेहतांची 'करणघेलो' १८६६ सालची. म्हणजे या बाबतीत गुजरात पाच वर्षांनी वडील. शेजाऱ्यांशी वाद घालताना हे आपणहून सांगू नये, इतकेच. ही कथा गुजरातच्या शेवटच्या वाघेला राजाची. प्रधानाची पत्नी पळविल्याने राज्य बुडाले, असे तिचे सूत्र. राज्य गेल्यावर करण राजा आश्रयाला आला तो आपल्या बागलाणात. त्याची कन्या देवलदेवी हिला देवगिरीच्या यादव राजपुत्राकडे नेत असता ती अलाउद्दीनाच्या सैन्याच्या हाती लागली. कशी? फेरिश्ता लिहितो, की काही शिपाई वेरूळची लेणी पाहावयास म्हणून गेले होते, त्यांना वाटेत तिचाच मेळा भेटला! हे एखाद्या कादंबरीकाराने लिहिले असते, तर आम्हीच त्याला हसलो असतो.

तथापि हसण्यावारी न्यावी अशी सगळीच गोष्ट नाही. रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ साली आली, पुढे तिला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. तिने किती घरांत डोळे ओले केले याची गणती नाही. आमचेही केले. सोळाव्या वर्षी पेशवा झालेला माधवराव सत्ताविसाव्या वर्षी, १७७२ च्या नोव्हेंबरात, थेऊरला राजयक्ष्म्याने गेला आणि रमाबाई सती गेल्या. हा भाग मोठ्याने वाचून दाखविला तेव्हा घरातील आठवीतली मुलगी एवढेच म्हणाली, "तिचं काय वय होतं?" सगळे रडत होते, वय कोणीच मोजले नव्हते. तेव्हापासून त्या पानाशी आलो, की आमचा आवाज पूर्वीसारखा लागत नाही. शोक सुंदर करून सांगणे हे लेखकाचे कामच आहे. चिताही सुंदर करावी काय, यावर मात्र घरात बोलणे झाले पाहिजे, आणि ते मुलींच्या देखत.

मस्तानीचेही तसेच. ना. सं. इनामदारांनी १९७२ साली 'राऊ'मध्ये तिला घराघरांत आणून बसविले, आणि २०१५ च्या चित्रपटाने तिला काशीबाईंबरोबर नाचावयास लावले. कागदोपत्री तिच्याविषयी आढळते ते फार थोडे. बाजीराव १७४० च्या एप्रिलात नर्मदाकाठी रावेरखेडीला वारले, पाठोपाठ तीही गेली. कशाने, याविषयी एकमत नाही. तिचा मुलगा समशेर बहादूर पानिपतच्या संग्रामात जखमी होऊन १७६१ मध्ये मरण पावला. ज्या घराण्याने आईला दूर ठेवले, त्याच्याच निशाणाखाली तो लढला. या मुलावर चांदण्याची चार पाने कमी खर्चून एखादे प्रकरण अधिक लिहिले असते, तर आम्ही ते दोनदा वाचले असते.

राहता राहिली सुरत. पुण्याच्या वाचकाला सुरत म्हणजे मोहरांच्या राशी. आम्हांला ती शेजार आहे. १६६४ च्या जानेवारीत महाराज येऊन थांबले ते उधन्याला, आमच्या बमरोलीच्या अंगणातच म्हणा ना. शेजारच्या सुरती मोटाबेनना मराठी समजते आणि कादंबरी ऐकण्याची हौसही आहे. हे प्रकरण त्यांच्यासमोर वाचावे की गाळावे, असा प्रश्न पडला. शेवटी वाचले. मुघल सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि शहर वाऱ्यावर सोडले. एका ख्रिस्ती धर्मगुरूचे घर आणि दानशूर म्हणून नावाजलेल्या एका मृत दलालाचे घर महाराजांनी वगळल्याचे बर्नियर हा फ्रेंच प्रवासी लिहितो. आणि त्याच वर्षी मालवणला सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले, हे सगळे आम्ही पदरचे जोडून सांगितले. मोटाबेन शांतपणे शेंगा सोलीत होत्या. मग म्हणाल्या, "लुटणारा लुटून गेला, त्याचा किल्ला तरी झाला. पण आमच्याकडून जकात घेऊन आत लपला, तो तुमच्या चोपडीत दोनच ओळींत कसा सुटला?"

सध्या आम्ही नवी कादंबरी लावली आहे. उष्ट्या ताटांचा हिशेब ठेवण्याचे काम मोटाबेननी आपणहून अंगावर घेतले आहे. काल रात्रीपर्यंत सात झाली, आणि नायकाचे अजून लग्न व्हावयाचे आहे.