आषाढीनंतर बघू

३१ मार्चला माझं सेवावर्ष संपलं. संध्याकाळच्या हरिपाठानंतर मला शाल, श्रीफळ आणि माउलींची तसबीर देण्यात आली. सोबत प्रमाणपत्र होतं, त्यावर छापलं होतं, 'निष्काम सेवेबद्दल'. कार्यालयातले काका पायऱ्यांपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "पुढचं आम्ही बघतोय, माउली. विषय वर ठेवलाय."

आता जून संपत आलाय. विषय अजून वरच आहे. एप्रिलमध्ये विश्वस्तांची बैठकच झाली नाही. मेमध्ये झाली, पण त्या विषयापर्यंत वेळ पुरला नाही. आता सगळे वारीच्या तयारीत आहेत. परवा परभणीहून फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, "आषाढीनंतर बघू. माउलींच्या मनात असेल तर होईलच."

या शेवटच्या वाक्याशी माझं भांडण आहे. माउलींशी नाही. माझ्या घरात तीन पिढ्यांची माळ आहे आणि आजोबांनी पायी वारी कधी चुकवली नाही. म्हणूनच हे भांडण मला घरातल्या घरात मांडता येतं. बाहेरच्या माणसाने मांडलं असतं, तर त्याला श्रद्धेतलं काय कळतं, असं म्हणून आपण मोकळे झालो असतो.

आधी काम काय होतं ते सांगते. मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये देशभरातून कॅन्सरचे रुग्ण येतात. उपचार महिनोन् महिने चालतात आणि मुंबईत खोली परवडत नाही, म्हणून अनेक कुटुंबं फुटपाथवर राहतात. हे परळच्या रस्त्यांवर कुणालाही दिसतं. अशा कुटुंबांसाठी आमच्या संस्थेची धर्मशाळा आहे. एमएसडब्ल्यू झाल्यावर मी तिथे वर्षभरासाठी रुजू झाले. बाहेर ज्याला इंटर्नशिप म्हणतात, त्याला तिथे सेवावर्ष म्हणतात. मानधन महिना सहा हजार, राहणं-जेवण धर्मशाळेतच. पहाटे काकडा, रात्री हरिपाठ, आणि मधला सगळा वेळ रुग्ण.

मधला वेळ म्हणजे काय? नव्या माणसाला हॉस्पिटलची फाइल कशी काढायची ते दाखवायचं. महाराष्ट्रातलं रेशनकार्ड असेल तर महात्मा फुले योजनेचे कागद लावायचे. बिहार-बंगालचा रुग्ण असेल तर वेगळी वाट शोधायची. हॉस्पिटलकडून खर्चाचं पत्र घेऊन सिद्धिविनायक न्यासाला, मुख्यमंत्री सहायता निधीला अर्ज करायचे. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म भरून द्यायचा. काउंट कमी आले म्हणून केमो पुढे गेली, तर घाबरलेल्या बापाला समजावून सांगायचं की याचा अर्थ सगळं संपलं असा नाही. प्लेटलेटसाठी रात्री दहा वाजता रक्तदाता शोधायचा. ही कामं शिकायला मला चार महिने लागले. ती नीट यायला लागली, तेव्हा वर्ष संपत आलं होतं.

जानेवारीत मला सांगण्यात आलं, "तुम्हाला आम्ही सोडणार नाही. दुसरीकडे शब्द देऊ नका." फेब्रुवारीत एका सरकारी रुग्णालयात समाजसेवकाची कंत्राटी जागा चालून आली होती. मी नाही म्हटलं. ती चूक माझी, हे मान्य. पण ज्या जागी माणसं एकमेकांच्या पाया पडतात, तिथे दिलेला शब्द कागदावर मागायचा असतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आता मुद्द्यावर येते. माझं म्हणणं असं आहे: श्रद्धेच्या नावाने माणसाचं वर्ष मागणाऱ्या संस्थेवर त्या माणसाची जबाबदारी येते, आणि ती जबाबदारी देवाच्या इच्छेवर ढकलणं हा भक्तीचा प्रकार नाही. तो कारभाराचा ढिलेपणा आहे, वरून गंध लावलेला.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं. सेवा निष्काम असते, मोबदला मागितला की तिची मजुरी होते. ऐकायला हे उदात्त वाटतं. पण ज्या संप्रदायाचं नाव आपण घेतो, त्याचा इतिहास काय सांगतो? सावता महाराज माळी होते, गोरोबा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी. त्यांची नावंच त्यांच्या धंद्यांसकट आपल्यापर्यंत आली आहेत. मळा, चाक, भट्टी आणि वस्तरा सोडून या, मग भक्त म्हणू, अशी अट या परंपरेने कुणाला घातल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. पोट आणि पांडुरंग यांचं वैर आपल्याकडे नव्हतं. ते आता कार्यालयांतून तयार होतंय.

दुसरं उत्तर असं की पूर्वीच्या लोकांनी आयुष्यं वाहिली, तुम्हाला तीन महिने थांबवत नाही. मग पूर्वीच्यांचंच बघू. १९०५ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्यात सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी काढली. सार्वजनिक कामाला आध्यात्मिक अधिष्ठान हवं, ही तिची भूमिका होती. नव्या सदस्याला पाच वर्षं उमेदवारी करावी लागे. तो शपथ घेई, आणि त्या शपथेत एक कलम असं होतं की संस्था माझी आणि माझ्या कुटुंबाची जी तरतूद करील, तिच्यात मी समाधान मानीन. हे कलम दोन्ही बाजूंनी वाचायला हवं. सदस्य समाधान मानील, हे झालं त्याचं वचन. पण संस्था तरतूद करील, त्याच्या बायको-पोरांचीसुद्धा, हे त्यातच गृहीत होतं. त्यागाची भाषा होती, पण त्या भाषेत घरखर्चाचा उल्लेख करायला कुणाला लाज वाटली नव्हती.

मठ, मिशनं, जोगिणींची कॉन्व्हेंटं, सगळीकडे व्यवहार साधारण असाच दिसतो. संस्था माणसाचं पूर्ण आयुष्य मागते, पण आजारपणापासून म्हातारपणापर्यंत त्याला सांभाळतेही. आमच्यासारख्या सेवावर्षात यातला पहिला अर्धा भाग ठेवला गेला आणि दुसरा गुपचूप काढून टाकला गेला. भाषा आयुष्य वाहण्याची, करार बारा महिन्यांचा. संन्याशासारखं मागायचं आणि कंत्राटदारासारखं सोडायचं.

तिसरं उत्तर मला सर्वांत जड वाटतं, कारण ते प्रामाणिक आहे. देणगीदार रुग्णासाठी पैसे देतात, पगारासाठी नाही. आमच्या दारात पाटी आहे: 'आपल्या देणगीतील प्रत्येक रुपया रुग्णांसाठी'. लोक ती वाचून पेटीत नोट टाकतात. परदेशी देणग्यांच्या बाबतीत तर कायद्यानेच २०२० मध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. आमच्या संस्थेला परदेशी पैसा येत नाही, पण मागची समजूत तीच आहे. माणसांवर खर्च झाला की तो वाया गेला, वस्तूंवर झाला की सत्कारणी लागला. व्हीलचेअरवर दात्याचं नाव रंगवता येतं. ती ढकलणाऱ्यावर रंगवता येत नाही.

पण रुग्णाला नेमकं काय लागतं? एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील गाळून. मराठवाड्यातली एक आई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. रक्ताचा कॅन्सर. लहान मुलांमधल्या या आजाराच्या नेहमीच्या प्रकारात बरं होण्याची शक्यता चांगली असते, पण उपचार दोन ते तीन वर्षं चालतात, आणि ते मध्येच सोडणं हा मोठा धोका असतो. गावी पेरणी असते, घरी दुसरं लेकरू असतं, पैसे संपतात, मूल वरवर बरं दिसायला लागतं, आणि आईबाप बॅग भरतात. त्या वेळी त्यांना थांबवायला औषध उपयोगाचं नसतं. ज्याच्यावर विश्वास आहे असं एक माणूस लागतं. त्या बाईने दोनदा बॅग भरली आणि दोनदा ती परत उघडायला लावताना मी शेजारी बसले होते.

मुलाचा उपचार अजून दीड वर्ष चालेल. माझं वर्ष संपलं. एप्रिलमध्ये नवी मुलगी आली. ती गुणीच असणार, पण तिला ही फाइल, हा अर्ज, ही बाई, सगळं पहिल्यापासून शिकायचंय. ती शिकेल आणि पुढच्या मार्चमध्ये शाल-श्रीफळ घेऊन जाईल. उपचार तीन वर्षांचे आणि सेवेकरी एका वर्षाचा, या साध्या गणिताकडे आमच्या विश्वस्तांनी कधी बघितलंय का? प्रत्येक रुपया रुग्णासाठी असेल, तर दोन कायम माणसांचा पगार हाही रुग्णासाठीचाच रुपया आहे.

आणखी एक गोष्ट, जी बोलताना सगळे खाली बघतात. आम्ही चौघं होतो. एकीच्या वडिलांनी तिचा वर्षभराचा खर्च उचलला होता. ती आता परदेशात पुढे शिकायला चालली आहे, आणि प्रवेशअर्जात तिला या वर्षाचा उपयोग झाला. तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, तिने मनापासून काम केलं. एक जण सातव्या महिन्यात गेला, कारण बहिणीचं लग्न निघालं आणि सहा हजारांत काही होईना. एक जण आता औषधांच्या दुकानात आहे. चौथी मी. ज्यांना वाट बघणं परवडतं, त्यांच्यासाठी हा काळ चिंतनाचा असतो. ज्यांना परवडत नाही, त्यांच्या घरात तो उधारीच्या वहीत मोजला जातो. आमची साडेतीन एकर आहे, कोरडवाहू. आई रोज विचारत नाही, पण शेजारीण विचारते तेव्हा आई माझ्याकडे बघते. "मुंबईला काय करत होतीस गं?" सेवा. "आणि आता?" आता सेवेचा निकाल यायचाय.

अशाने सेवा हळूहळू खात्यापित्या घरांची होते. फुटपाथवरच्या रुग्णाची भाषा ज्यांना घरूनच येते, नेमकी तीच पोरं आधी गळतात.

धर्मशाळेच्या जिन्यात गाडगेबाबांची दशसूत्री लावलेली आहे. मी वर्षभर दिवसातून वीसदा तिच्यावरून गेले. रोग्यांना औषधोपचार हे त्यातलं एक सूत्र, आणि संस्था त्यावर प्रवचनं ठेवते. त्याच पाटीवर, त्याच अक्षरात, बेकारांना रोजगार हेही एक सूत्र आहे. बाबांनी दोन्हींना धर्मच म्हटलं होतं. एक सूत्र दुसऱ्याच्या जिवावर चालवावं, असं त्या पाटीवर कुठेही नाही.

कुणी म्हणेल, ही नोकरी न मिळालेल्या मुलीची चिडचिड आहे. असेल. म्हणून माझं गाऱ्हाणं बाजूला ठेवून चार मागण्या सांगते. त्यांतली एकही मला नोकरी द्या, अशी नाही. एक, सेवावर्षाच्या दहाव्या महिन्यात प्रत्येकाला पुढचं लेखी कळवा. 'नाही' असलं तरी चालेल, 'नाही' घेऊन माणूस दुसरं दार ठोठावू शकतो. दोन, प्रमाणपत्रावर 'निष्काम सेवा' लिहा हवं तर, पण खाली केलेलं कामही लिहा: किती रुग्णांचे अर्ज, कोणत्या योजना, कोणती जबाबदारी. निष्काम या शब्दावर पुढची नोकरी मिळत नाही. तीन, मानधन असं ठेवा की ज्याच्या घरून पैसे येत नाहीत त्यालाही वर्ष पुरं करता येईल. चार, लांब उपचारांच्या रुग्णांसाठी किमान दोन माणसं कायम ठेवा, आणि देणगीदारांना ताठ मानेने सांगा की तुमच्या पैशांतून आम्ही पगार देतो. पाटी बदलायला एक दिवस लागतो.

त्या आईचा फोन अजून मलाच येतो. गेल्या आठवड्यात तिने विचारलं, "ताई, तुम्ही कधी येणार परत? पोरगं विचारतंय." मी तिला नव्या मुलीचा नंबर पुन्हा एकदा दिला आणि पुढच्या केमोची तारीख तिच्याकडून वदवून घेतली. आषाढीनंतर बघू, असं तिला म्हणायला माझी जीभ रेटली नाही. तिच्या मुलाच्या फाइलवर तारखा असतात.

काल मी संस्थेला पत्र टाकलं. निर्णय कधी होणार त्याची तारीख विचारली आहे, आणि १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर मी नकार समजून दुसरीकडे अर्ज करीन, असं लिहिलं आहे. आजोबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "हे पाचसहा महिने आधी का नाही लिहिलंस?"