हिरवं बटण शाबूत आहे का?

राजूरच्या शिवारात रात्रीची लाईट आली की आता प्रत्येकाला विहिरीपर्यंत जावं लागत नाही. ज्याच्याकडे मोबाईल स्टार्टर आहे तो अंथरुणातूनच फोन लावतो आणि मोटार सुरू होते. पेटीच्या आत एक सिमकार्ड, बाहेर बोटभर अँटेना, आणि खाली जुनी दोन बटणं: हिरवं चालू, लाल बंद. अंधारात, चिखलात, साप-विंचवांत दारं धरायला जाणाऱ्या माणसाला या पेटीने किती दिलासा दिला, ते जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात वेगळं सांगायला नको.

‘सायबर’ हा शब्द तालुक्यात ऐकू येतो तो बहुतेक ओटीपीच्या फसवणुकीपुरता. पण विद्यापीठांतले संशोधक ज्याला जोडलेली यंत्रणा म्हणतात, ती विहिरीच्या काठावर कधीचीच येऊन बसली आहे. फोन मालकाचाच आहे हे पेटीला कसं कळतं? बहुतेक वेळा समोर दिसणाऱ्या क्रमांकावरून. आणि तो क्रमांक खोटा दाखवता येतो.

चोराला बाहेर कसं ठेवायचं, हा झाला सुरक्षेचा प्रश्न. संशोधकांची एक शाखा त्यापुढचं विचारते: चोर आत आलाच, तर काम चालू राहील का, आणि घडी पुन्हा किती वेळात बसेल? सरकारी कागदांत याला ‘सायबर लवचिकता’ म्हणतात. शेतकऱ्याकडे याहून चांगला शब्द आहे, तग. पावसाने ओढ दिली की कपाशी किती दिवस तग धरेल, हे ज्याला कळतं त्याला या शास्त्राचा गाभा समजावून सांगावा लागत नाही.

असा तग प्रत्यक्षात दिसला तो युक्रेनमध्ये. २३ डिसेंबर २०१५ रोजी तिथल्या तीन वीज वितरण कंपन्यांच्या नियंत्रण कक्षांत हल्लेखोर शिरले. कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा माऊस आपोआप फिरू लागला आणि एकेक उपकेंद्र बंद पडत गेलं. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. तरीही काही तासांत वीज परतली, कारण कर्मचारी गाड्या काढून उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी ब्रेकर हाताने चढवले. हल्ल्यात दूरनियंत्रणाची उपकरणं निकामी झाली होती, त्यामुळे दोन महिन्यांनंतरही काही ठिकाणी असंच हाताने काम चालू होतं. थोडक्यात, तिथलं हिरवं बटण शाबूत होतं आणि ते कुठे आहे हे माणसांना ठाऊक होतं.

या घटनेचा तपशीलवार तांत्रिक अहवाल मार्च २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. जगातल्या कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी तो वाचू शकतो. आता आपल्याकडे पाहा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मार्च २०२१ मध्ये राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर घातपाताची शक्यता सांगितली. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी चूक माणसाची असल्याचं म्हटलं. मंत्र्यांची विधानं आजही सापडतात. पण कोणत्या यंत्रावर नेमकं काय सापडलं, हे पायरीपायरीने सांगणारं आणि वर्गात शिकवता येईल असं काही संशोधकांच्या हाती पडलं नाही. घातपात झाला होता की नव्हता, या वादापेक्षा हे नुकसान मोठं आहे.

मराठवाडा या सगळ्यापासून लांब आहे, असं वाटत असेल तर जालन्याजवळचा ड्रायपोर्ट आठवावा. त्याची पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली आणि तो प्रकल्प न्हावा-शेव्याच्या तेव्हाच्या जेएनपीटी बंदराचा होता. याच बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या घातक प्रणालीने ठप्प केलं. हल्ल्याचं लक्ष्य युक्रेन होतं, पण कंटेनर अडकले रायगड जिल्ह्यात. मर्स्कने पुढच्या दहा दिवसांत ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे केले. जगभरातल्या कार्यालयांतली मुख्य नोंदवही, म्हणजे कोण कर्मचारी आणि त्याला कुठे प्रवेश याची यादी, सगळीकडे पुसली गेली होती. एकच प्रत वाचली, घानामधल्या कार्यालयातली. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती! लोडशेडिंगने कुणाचं भलं केल्याचं हे बहुधा जगातलं एकमेव नामांकित उदाहरण असावं.

योगायोगावर विसंबायला नको म्हणून संशोधक स्वतःच्याच यंत्रणा मोडून बघतात. सिंगापूरच्या एका तंत्रज्ञान विद्यापीठात आदित्य माथूर आणि सहकाऱ्यांनी छोटा पण खराखुरा जलशुद्धीकरण प्रकल्प उभारला. टाक्या, पंप, झडपा, सगळं खरं. तो ११ दिवस चालवून त्यांनी नोंदी घेतल्या. त्यांतले सात दिवस सुरळीत आणि उरलेले चार दिवस हल्ल्यांचे. टाकी भरत असताना पातळी कमी दाखवायची, झडप चोरून उघडायची, असे ३६ हल्ले. त्या नोंदी आज जगभरचे अभ्यासक वापरतात. आपल्याकडे आयआयटी कानपूरच्या सी३आय केंद्रात अशी वीज आणि पाण्याची प्रतिरूपं आहेत.

मराठवाड्यात अशा प्रयोगाला फार पैसा लागणार नाही. जालन्यात रसायन तंत्रज्ञान संस्थेचं, म्हणजे आयसीटीचं संकुल आहे. छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठ आहे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. एक मोबाईल स्टार्टर, एक सौरपंपाचा कंट्रोलर, एक स्मार्ट मीटर आणि पाण्याची एक टाकी, एवढ्यावर पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्यांना पुरेल इतकं काम निघेल.

अडचण वेगळीच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय यंत्रणेत शिरणाऱ्याला भरपाईसाठी जबाबदार धरतं, आणि ‘हेतू संशोधनाचा होता’ म्हणून सूट देणारी तरतूद तिथे नाही. एप्रिल २०२२ मध्ये निघालेल्या निर्देशांनी सायबर घटना सहा तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवणं बंधनकारक झालं. पण ती माहिती कळवणाऱ्याकडून सरकारकडे जाते. विद्यापीठापर्यंत येणारी वाट नाही. दार उघडं दिसलं तर सांगावं की गप्प बसावं, असा विचार भल्या विद्यार्थ्याच्याही मनात येतो.

तपासायच्या यंत्रणा मात्र वाढत आहेत. राज्यात सुमारे सव्वादोन कोटी स्मार्ट मीटर बसवायचं ठरलं. वाद झाला तो बिलावरून. दूरवरून आलेल्या एका आदेशाने वीज तोडता येते, तो आदेश खोटा निघाला तर काय, हा प्रश्न गावच्या बैठकीत तर सोडाच, विधिमंडळातही गाजला नाही. इंटरनेट नसताना काय होतं ते मात्र या जिल्ह्याने पाहिलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आंदोलनाच्या काळात जालना जिल्ह्यात ते काही तास बंद होतं. हल्लेखोर कुणी नव्हता, आदेश सरकारी होता. राजूरच्या राजुरेश्वर मंदिराच्या पायथ्याशी नारळ-फुलं विकणाऱ्याकडे क्यूआरचा कागद असतो आणि अशा वेळेसाठी गल्ल्यात सुटे पैसेही असतात. तो अनाडी नाही. त्याने हिरवं बटण ठेवलं आहे.

ऊर्जा खात्याने सौरपंप आणि मीटरच्या पुढच्या निविदेत दोन वाक्यं वाढवावीत. सिम बंद पडलं तरी यंत्र हाताने चालवता आलं पाहिजे, आणि पुरवठादाराने प्रत्येक मॉडेलचा एक नग, मोडून बघण्याच्या लेखी परवानगीसह, राज्यातल्या विद्यापीठाला दिला पाहिजे.